वाचलेली माणसं

नायक ट्रकच्या टपावर चढून भाषण ठोकायला लागला तेव्हा ज्योत्स्ना भोये मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते पाहत होती, आणि त्यामुळे तो क्षण तिचा जवळजवळ हुकलाच. मान वर केली तेव्हा कॅमेरा नायकाला सोडून खाली जमलेल्या गर्दीवरून डावीकडे सरकत होता. प्रलयातून वाचलेली माणसं. दगडाच्या खाणीत, रणरणत्या उन्हात, राख फासलेले चेहरे वर करून ती सगळी ट्रककडे पाहत होती. तसं पाहायला त्यांना सांगितलेलं असणार. पडद्याच्या अगदी कडेला उभा असलेला एक माणूस मात्र वर पाहत नव्हता. त्यानं खाली जमिनीकडे पाहिलं, अर्धं पाऊल बाजूला टाकलं, पुन्हा खाली पाहिलं आणि आणखी वीतभर सरकला. त्याच्या पायाशी एक बाई मांडीवर तान्हं मूल घेऊन बसली होती. माणसाची सावली त्या मुलाच्या तोंडावर पडली. मग तो हलला नाही. लगेच नायकाची मूठ पडद्यावर आली, ढोल वाजायला लागले, आणि ज्योत्स्नाच्या पोटात, बेंबीच्या जरा वर, कुणी आतून बोट टेकवावं तसं झालं. हा बा आहे, असं तिला वाटलं ते नंतर. आधी पोटाला कळलं. चेहरा तर तिनं नीट पाहिलाही नव्हता. त्या राखेखाली तो कुणाचाही असू शकला असता. तिनं ओळखलं ते त्या अर्ध्या पावलावरून.

शेजारच्या खुर्चीत वेदिका होती. कॉलेजच्या ग्रंथालयात दोघी एकाच खोलीत काम करत. ज्योत्स्ना पुस्तकांच्या देवघेवीला, वेदिका नोंदणीला. वेदिकानं आयुष्यात पुस्तकांपेक्षा सिनेमे जास्त पाहिले होते आणि त्याची तिला लाज नव्हती. शनिवारी संध्याकाळी सहाच्या खेळाला ज्योत्स्नाला ओढून आणलं होतं तेही तिनंच, कारण 'प्रलय के पार'ची जाहिरात तिनं फोनवर पाहिली होती आणि जाहिरात बरी होती. सिनेमा बरा नव्हता. पहिल्या दहा मिनिटांतच वेदिका ज्योत्स्नाच्या कानाशी लागली. काटे ठोकलेल्या गाड्या अमक्या इंग्रजी सिनेमातून उचलल्यात. पाणी अडवून डोंगरावर बसलेला टकला खलनायकही तिथलाच, फक्त त्याला मिशा लावल्यात. मुकी मुलगी दुसऱ्यातून, आंधळा म्हातारा तलवारबाज तिसऱ्यातून, आणि कातडी जाकीट तर सगळ्यांतूनच. "जगातलं पाणी संपलंय आणि हा जाकीट घालून फिरतोय. घामोळं येत नाही का याला," ती म्हणाली होती, आणि ज्योत्स्ना हसली होती. मघापर्यंत ती हसत होती. आता वेदिका पुन्हा काहीतरी बोलली, ज्योत्स्नानं मान हलवली, आणि आपली मान हलल्याचं तिला कुठून तरी लांबून कळलं.

पेठच्या अलीकडे, त्यांच्या पाड्याच्या फाट्यावर झाड नव्हतं. रस्ता रुंद करताना होतं ते गेलं, आणि शेड व्हायची होती ती झाली नाही. आश्रमशाळा उघडायच्या आदल्या दिवशी बा तिला घेऊन तिथं एसटीची वाट पाहत उभा राही. एसटी कधी येईल त्याचा नेम नसे. ती पत्र्याच्या पेटीवर बसे आणि बा उभा राही, तिच्या आणि उन्हाच्या मधे. सूर्य सरकला की बा सरके. आपण काही करतोय असा भाव त्यात नव्हता. तोंडानं तो दुसरंच काही बोलत असे, बैलाचं, तिच्या भावाच्या, राजूच्या खोकल्याचं, नाहीतर काहीच बोलत नसे. ती त्या सावलीत बसून पेटीचं कुलूप उघडझाक करी. सावली आहे हे तिला कधी दिसलंच नाही. घराला भिंत असते तशी ती होती. पुढं दहावीनंतर नाशिकच्या वसतिगृहात नाव घातलं, आणि पहिल्या सुटीला ती एकटीच पेठच्या गाडीसाठी सीबीएस बसस्टँडबाहेर उभी राहिली तेव्हा डोक्यावर ऊन आलं. तिला आता आठवलं, त्या दिवशी ती सारखी मागं वळून पाहत होती. पिशवी राहिली का, पाण्याची बाटली राहिली का. सगळं होतं, तरी काहीतरी कमी होतं. काय ते तेव्हा उमगलं नाही. ते इतक्या वर्षांनी या गार अंधारात उमगलं.

बारकू भोये गेल्या जुलैत गेला. भाताची आवणी चालू होती. चिखलात वाकलेला असताना 'जरा बसतो' म्हणाला आणि बांधावर बसला, तो पुन्हा उठलाच नाही. ज्योत्स्ना पोचली तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. दहाव्याला फोटो लागला तेव्हा कळलं की त्याचे फोटो दोनच आहेत: एक आधार कार्डावरचा, ज्यात तो पकडून आणल्यासारखा दिसे, आणि एक राजूच्या लग्नातला, ज्यात त्याचे डोळे मिटलेले होते. तिनं आपला फोन सगळा उलथापालथा केला. सोमेश्वरच्या धबधब्याचे सात व्हिडिओ होते. वेदिकाच्या वाढदिवसाचा केक कापतानाचा होता, कुणाच्या तरी मांजराचा होता, कढईत तडतडणाऱ्या मोहरीचाही होता. बाचा नव्हता. चालणारा, वळणारा, पाऊल टाकणारा बा तिच्याजवळ कुठंच नव्हता, आणि तो कसा चालत होता हे विसरायला आपल्याला किती दिवस लागतील याची भीती तिला त्या दिवसापासून होती. कामाच्या मधेच ती थांबे आणि मनात त्याला अंगणातून विहिरीपर्यंत चालवून पाही. अलीकडे तो नीट चालत नव्हता. त्याचे पाय राजूच्या पायांसारखे पडायला लागले होते. आणि आता या चोरलेल्या, गोंगाटी, फसलेल्या सिनेमात तो तिच्या समोर अर्धं पाऊल टाकून गेला होता. स्वतःच्या पायांनी.

पडद्यावर एक पूल उडाला. मग आणखी एक. ज्योत्स्ना त्या धुरात गर्दी शोधत होती आणि गर्दी परत येत नव्हती. तिला दुसरी एक संध्याकाळ आठवत होती, जी आठवायची नाही असं तिनं ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. उन्हाळ्यात पाड्यावरची माणसं कामाला नाशिकला उतरत, सकाळी पेठ नाक्यावर उभी राहत आणि मुकादम नेईल तिकडे जात, द्राक्षबागेत, बांधकामावर, कुठंही. बा तिच्या खोलीवर मुक्कामाला येत नसे; सगळ्यांबरोबर नाक्याजवळच्या मैदानातच झोपे. म्हणून म्हसरूळच्या तिच्या खोलीची बेल वाजली आणि दारात तो उभा दिसला तेव्हा तिला आधी दचकायलाच झालं. केसांत राख, कानांच्या पाळ्यांत राख, अंगात गोणपाटाची चिरफाळलेली बंडी, आणि त्या सगळ्यातून पांढरेशुभ्र दात. जिन्यात घरमालकीण थबकून पाहत होती.

"जोस्ना, मी पिच्चरमधी हाय," तो दारातूनच म्हणाला.

"आत ये आधी."

"दुनिया बुडती. समदी मरत्यात. आमी वाचतो. आपल्या पाड्यावरचीच हायेत समदी, सहादू, पुंजाराम. नाक्यावरनंच गाडीत घातलं आमाला. तिथं एक माणूस ट्रकावर चढतो आन—"

"तोंड धू, बा."

"धुतो. ऐक तर. तो ट्रकावर चढतो आन आमी खाली—"

"तुम्हाला का नेलं त्यांनी, ठाऊक आहे का?" ती म्हणाली. आवाज तिचा चढला नव्हता. जिन्यातून ऐकू जाऊ नये म्हणून तो उलट खालीच आला होता. "नाशकात काय नट मिळत नव्हते? तुम्हाला नेलं कारण तुम्हाला भिकारी दाखवायला त्यांना काहीच करावं लागलं नाही. आहात तसे उभे केले."

बानं त्यावर विचार केला. खरोखरच केला, त्याच्या कपाळावरच्या राखेत आठी उमटली. मग तो म्हणाला, "नाय, राख लावली ना. घमेलं भरून राख आनली होती त्यांनी."

एवढंच. त्यानं सिनेमावाल्यांची बाजू घेतली होती. नंतर तो न्हाणीत गेला, आणि मोरीतून काळं पाणी वाहत राहिलं, आणि ती ओट्याशी भाकरी थापत उभी राहिली. जेवताना त्यानं घरच्या कोंबड्यांचं सांगितलं. पहाटे ती उठायच्या आत तो नाक्यावर निघून गेला होता, गोणपाटाची बंडी नीट घडी करून पिशवीत घालून, कारण ती परत द्यायची होती. त्यानंतर दोन वर्षं तो जगला, आणि सिनेमाबद्दल तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आपण बोललो ते खोटं नव्हतं, असं ती स्वतःला समजावी. खोटं नव्हतंच, त्यातली वाईट गोष्ट हीच होती. खोटं असतं तर त्याला ते खोडून काढता आलं असतं.

शेवटी नायक डोंगर ओलांडून एका हिरव्या दरीत पोचला. तिथं झरा होता, हरणं होती, आणि प्रलयातून वाचलेली माणसं पांढरे कपडे घालून त्याची वाट पाहत होती. ज्योत्स्ना पुढं सरकून खुर्चीच्या टोकावर आली. पण ती माणसं वेगळीच होती. गोरी, भरल्या गालांची, कुठल्या तरी स्टुडिओत उभी केलेली. खाणीतली माणसं कुठं गेली ते सिनेमानं सांगितलं नाही. कदाचित सिनेमाच्या लक्षातच राहिलं नसावं. दिवे लागले. मागून कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली.

खाली चहाच्या टपरीवर वेदिका अजून चिडलेलीच होती. "अडीच तास. एक सीन, एक तरी सीन यांचा स्वतःचा असेल तर शपथ," ती म्हणाली. "ते झऱ्याचं पाणी ओंजळीत घेणंसुद्धा चोरीचं आहे. शॉट न् शॉट सांगते."

"एक आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

"कुठला?"

ज्योत्स्नानं सांगायला सुरुवात केली आणि मधेच तिला थांबावं लागलं. वेदिकानं घाई केली नाही. तिनं स्वतःचा कप खाली ठेवला, मग ज्योत्स्नाच्या हातातला घेऊन तोही खाली ठेवला. ती ऐकत राहिली. बंडीचं, राखेचं, दारातलं वाक्य, सगळं. हे ज्योत्स्नानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगताना तिला वाटत होतं की हिच्या नजरेत आता आपण उतरणार. वेदिका एवढंच म्हणाली, "मी डावीकडे पाहिलंच नाही गं. मी मेली त्याच्या जाकिटाकडे बघत बसले होते." थोड्या वेळानं म्हणाली, "आईला दाखव. पण लवकर दाखव. हा सिनेमा पुढचा शुक्रवार बघत नाही."

रविवार, सोमवार ज्योत्स्नाच्या मनात एक विचित्र कृतज्ञता घोळत राहिली, आणि ती नेमकी कुणाला वाहावी हे तिला कळेना. दिग्दर्शकाला? त्यानं बाला पाहिलंही नसेल. कॅमेरावाल्याला, ज्याचा हात कंटाळून जरा जास्तच डावीकडे गेला? कुठल्या तरी बंद खोलीत बसून तुकडे जोडणाऱ्या त्या माणसाला, ज्यानं ते अर्धं पाऊल कापलं नाही? तो कामचुकार असेल. दमलेला असेल. चांगल्या सिनेमात असं होत नाही. तिथं प्रत्येक माणूस सांगितला तिथंच उभा राहतो, आणि जो हलतो त्याला कापून टाकतात. हा सिनेमा चांगला असता तर बा त्यात उरला नसता. पुस्तकांवर शिक्के मारता मारता हे तिच्या डोक्यात आलं आणि हातातला शिक्का तसाच राहिला. एक मुलगा पुस्तक घेऊन समोर उभा होता. "मॅडम," तो म्हणाला, "तारीख." तिनं तारीख मारली आणि त्याच्याकडे पाहून इतकं मनापासून हसली की तो गोंधळून निघून गेला. सगळ्या ढिसाळ माणसांचं, सगळ्या फसलेल्या कामांचं भलं होवो, असं काहीतरी तिला वाटत होतं.

मंगळवारी वेदिकानं फोन पुढं केला. सगळे खेळ काढले होते. उरला होता बुधवारी सकाळी साडेअकराचा एकच. ज्योत्स्नानं राजूच्या फोनवरून आईला निरोप दिला, आणि बुधवारी सकाळी भागीबाई पेठच्या पहिल्या गाडीनं येऊन पेठ नाक्यावर उतरली. हिरवं लुगडं, हातात नागलीच्या पापडांची पिशवी. बा सिनेमात दिसतो एवढंच तिला सांगितलं होतं, आणि त्यावर तिनं काही विचारलं नव्हतं. रिक्षात ज्योत्स्ना म्हणाली, "थोडाच आहे हं, आई. डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातो. मी हात दाबीन तेव्हा डाव्या अंगाला बघ."

"बघन की," भागीबाई म्हणाली.

थिएटरात दोघी धरून सातजण होते. दोन कॉलेजची पोरं, एक जोडपं, एकटे आलेले एक गृहस्थ. भागीबाईनं चपला काढल्या, खुर्चीवर पाय वर घेतले आणि पिशवी मांडीवर ठेवली. पुढं शहरं बुडाली, समुद्र आटला, गाड्या एकमेकींवर आदळल्या. ती हे सगळं शेजारणीच्या घरातलं भांडण पाहावं तसं पाहत होती, जरा मागं राहून. ज्योत्स्नाचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. अजून अर्धा तास आहे, ती मोजत होती. मग खाणीतल्या पाण्याच्या रांगेचं दृश्य आलं. तहानलेली माणसं डबे घेऊन उभी, आणि समोरून नायक जाकीट घालून चालत येतो. शनिवारी याच जागी ती घामोळ्याला हसली होती.

"हा सहादू," भागीबाई म्हणाली.

ज्योत्स्नानं वळून पाहिलं.

"टोपी काढून घेतली त्याची. म्हनून वळखू येत नाय. ही यशोदाबाई. खोकला होता तिला तवा, लय खोकायची. हा पुंजाराम. सुरतला गेला तो पोराकडं. ही अक्काबाई, ही बघ, डबा धरलेली. त्यो डबा तिचा घरचा हाय."

नायक चालत होता, संगीत वाजत होतं, आणि भागीबाई त्याला ओलांडून मागची माणसं वेचत होती. आवाज तिचा नेहमीचाच होता, बाजारात कुणी ओळखीचं दिसावं तसा. शनिवारी हीच माणसं, याच पडद्यावर, पुरती दोन मिनिटं ज्योत्स्नासमोर उभी होती. सहादूच्या जीपमधून ती शंभर वेळा फाट्यापर्यंत गेली होती. यशोदाबाईनं तिला परीक्षेच्या आधी अंडं उकडून दिलं होतं. आणि तिला त्यांतलं कुणी दिसलं नव्हतं. राख फासलेली माणसं दिसली होती, रोजावर आणलेली, भिकाऱ्यासारखी. बाला तिनं तेव्हा सांगितलं होतं की ते लोक तुम्हाला असं बघतात. तिचा चेहरा अंधारात गरम झाला. त्याच वेळी आई म्हणत होती, "ही मनाली. पुढं लेकरू दिसल तिचं, बंटी," आणि तिच्या बोटाबरोबर राखेतून एकेक चेहरा उठून येत होता, नाव घेऊन, घर घेऊन, ज्योत्स्नाला तो पाहण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं मागं वळून पाहिलं. ज्योत्स्नाला वाटलं, आता हा गप्प बसा म्हणणार. "आजी, तुमच्या गावचे आहेत का हे सगळे?" त्यानं विचारलं. भागीबाई म्हणाली, "हां." तो पुढं वळला, मित्राच्या कानात काहीतरी बोलला, आणि दोघं जरा सरळ होऊन बसले.

ट्रक आला. नायक टपावर चढला. ज्योत्स्नानं आईचा हात धरला, आणि कॅमेरा डावीकडे सरकायला लागल्यावर तो दाबला. कडेचा माणूस खाली पाहत होता. अर्धं पाऊल. पुन्हा खाली पाहणं. वीतभर आणखी. या वेळी तिनं त्याचे पायही पाहिले, अनवाणी, बोटं फाकलेली, टाचेची कड जमिनीवर आधी टेकवणारे. राजूसारखे नव्हतेच ते. सावली बाळाच्या तोंडावर गेली. मूठ आली. ढोल वाजले.

भागीबाईचा हात ज्योत्स्नाच्या हातात तसाच होता, कोरडा, खरखरीत. पडद्यावर दोन पूल उडून झाले तेव्हा ती म्हणाली, "तीन बारी वरडला म्हनं सायेब त्याच्यावर. जागा सोडू नको, वर बघ. ह्यो म्हनला, लेकराला ऊन लागतंय. चौथ्या बारीला सायेब म्हनला, मरू दे, हलू दे त्याला."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"त्यानंच. आल्यावर समद्या पाड्याला करून दाखवलं. सहादूला ट्रकावर चढवला, म्हंजी खाटंवर. लय हसलो."

मग ज्योत्स्नानं तो विषय काढलाच. "माझ्याकडे आला होता तो. त्याच दिवशी. मी..."

"हां, म्हनला ना. जोस्नाला सांगाया गेलो, पर ती कामानं दमली होती." भागीबाईनं पिशवी मांडीवर नीट केली. "म्हनला, पिच्चर लागल तवा बघलच ती."

अंधार होता ते बरं झालं. ज्योत्स्ना रडली, पण ते रडणं गेल्या जुलैतल्यासारखं नव्हतं. त्यात कुठंतरी जागा होती, श्वास घ्यायला वाट होती. दमली होती. त्यानं तिचं ते वाक्य घरी नेलंच नव्हतं. जिन्यातच कुठंतरी टाकून दिलं होतं, नाहीतर त्या काळ्या पाण्याबरोबर मोरीत. दोन वर्षं तो तिच्याशी सिनेमाबद्दल बोलला नाही ते मन दुखलं म्हणून, असं ती धरून चालली होती. तो नुसता वाट पाहत होता. पिच्चर लागायची.

हिरवी दरी आली. झरा, हरणं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. भागीबाई पुढं झुकली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचे चेहरे तिनं नीट पाहून घेतले.

"ही कोन?"

"वाचलेली माणसं."

"आन आपली?"

"त्यांचं पुढं काही दाखवलं नाही, आई," ज्योत्स्ना म्हणाली. हे सांगताना तिला अपराध्यासारखं वाटलं, जणू सिनेमा तिनंच काढला होता.

भागीबाईनं मागं टेकून विचार केला. "घरी आली ना ती," ती म्हणाली. "मीच वाढलं त्यांना. रातच्याला डाळ कमी पडली."

दिवे लागले. जोडपं उठलं, गृहस्थ उठले. कॉलेजची पोरं जाता जाता भागीबाईकडे पाहून हसली. झाडणारी बाई मोठा डबा ओढत दारातून आत आली आणि थांबली. पडद्यावर काळ्यावर पांढरी इंग्रजी नावं खालून वर सरकायला लागली होती, बारीक अक्षरांत, शेकड्यानं. भागीबाई उठली नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण ही नावं आहेत हे तिला कळलं होतं.

"ही समदी काम केलेल्यांची?"

"हो."

"बाचं हाय का त्यात?"

ज्योत्स्ना पाहत होती. गाड्या रंगवणाऱ्यांची नावं गेली, कपडे शिवणाऱ्यांची गेली, संगणकावर समुद्र आटवणाऱ्यांची तर संपता संपेनात. हरणांची व्यवस्था पाहणाऱ्याचं नाव होतं. खाणीतल्या माणसांसाठी एक ओळ कुठं असेल, निदान गावकऱ्यांचे आभार, म्हणून तिचे डोळे धावत होते, आणि तशी ओळ नव्हती.

"हाय," ती म्हणाली. पाड्यावर बोलतात तसंच ते तिच्या तोंडून आलं.

"वाच बरं."

"बारकू लक्ष्मण भोये," ज्योत्स्नानं वाचलं. पडद्यावर दिवे धरणाऱ्यांची यादी चालली होती. "सहादू. पुंजाराम. यशोदाबाई." ती सावकाश वाचत होती, शाळेत पहिल्या बाकावरून धडा वाचावा तसं, प्रत्येक नाव वर जाऊन दिसेनासं होईपर्यंत थांबून. "अक्काबाई. मनाली."

झाडणारी बाईही डब्याला टेकून वर पाहायला लागली. यादी संपत आली. ज्योत्स्नानं पर्स खांद्याला लावली.

"थांब," भागीबाई म्हणाली. "लेकराचं राहिलं."

ज्योत्स्नानं पुन्हा वर पाहिलं. सिनेमाच्या माणसांना जेवण पुरवणाऱ्यांची नावं वर सरकत होती.

"बंटी," तिनं वाचलं.